लेकीचं हेलिकॉप्टर वीतभर उठतं आणि बसतं – नवी बॅटरी, नवी मोटर घालूनही

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. दोन वर्षांपूर्वी माझ्या लेकीला तिच्या मामाने रिमोटचं छोटं हेलिकॉप्टर दिलं. ती आता ११ वर्षांची आहे आणि हे हेलिकॉप्टर म्हणजे तिचा जीव आहे. एकच मोठा रोटर (वरची फिरती पाती), त्यावर वजनांची आडवी दांडी, शेपटीला वेगळी छोटी मोटर, ४ चॅनलचा रिमोट. बॅटरी ३.७ व्होल्ट, २०० एमएएच (मिलिअँपिअर-तास). बॅटरीसकट वजन ३५ ग्रॅम, आत्ताच स्वयंपाकघरातल्या काट्यावर करून पाहिलं.

पहिलं दीड वर्ष एका चार्जिंगवर ७ मिनिटं आरामात उडायचं, थेट छताला टेकायचं. दिवाळीनंतर जोर कमी कमी होत गेला. आता थ्रॉटल (रिमोटवरची जोर वाढवायची दांडी) पूर्ण वर नेलं तरी वीतभर उठतं, तिथेच तरंगत राहतं आणि हळूहळू खाली बसतं. ४० सेकंदांत आतल्या सर्किटवरचा लाल दिवा लुकलुकायला लागतो, म्हणजे बॅटरी संपल्याची खूण.

आत्तापर्यंत केलेले उपाय : नवी बॅटरी आणली, काही फरक नाही. इथे सांगलीत एका दुरुस्तीच्या दुकानात दाखवलं, ते म्हणाले मोटर गेली. नवी मोटर मागवून बसवली. दोन दिवस बरं उडालं, तिसऱ्या दिवसापासून पुन्हा तेच. रोटर बोटाने फिरवला तर सहज फिरतो. उडवून झाल्यावर मोटर गरम लागते, पण ती आधीही लागायची. बॅटरी काढताना प्लगही कोमट लागतो असं लेक म्हणते.

नवं घ्यायला सगळे सांगतात. लेकीला मात्र हेच हवंय, आणि मलाही ते असं अर्धवट टाकून द्यायचं नाही. कुठून सुरुवात करू?

रोटरवेडा

दादा, आधी यांत्रिक बाजू नक्की करून घेऊ, म्हणजे पुढे विजेकडे निर्धास्त बघता येईल.

नवी मोटर बसवताना तिचा पितळी पिनियन (मोटरच्या दांड्यावरचं छोटं दातेरी चाक) मोठ्या गिअरला किती घट्ट लागलाय? दोघांच्या मध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून फिरवा. पट्टी नागमोडी होऊन, न फाटता बाहेर आली तर अंतर बरोबर. फाटली तर फार घट्ट, आणि मोटरची ताकद तिथेच जातेय.

पाती बदलली होती का? बदलली असतील तर उलटी बसलेली नाहीत ना पाहा. जाड, गोलसर कड पुढे जायला हवी. उलट्या पात्यांनीही हेलिकॉप्टर थोडंफार उठतं, त्यामुळे चूक चटकन कळत नाही.

तिसरं, शेपटी. शेपटीच्या छोट्या पंख्याच्या मागे दांड्याला केस गुंडाळलेला असतो, दहातल्या निदान चार हेलिकॉप्टरांत मी तो काढलाय. घरात उडवलं की हे होतंच. भिंग लावून बघा.

भरारी

एवढी डोकेफोड कशाला? दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये लावा. ७.४ व्होल्ट मिळाले की छत फोडून जाईल. माझ्या चुलतभावाने रिमोटच्या गाडीला केलं होतं.

रोटरवेडा

भरारी, हे कृपया कुणी करू नका. पूर्ण चार्ज झालेल्या दोन सेलचे ८.४ व्होल्ट होतात आणि हे सर्किट ४.२ साठी बनवलेलं आहे. रिसीव्हर आणि मोटर चालवणारे ट्रान्झिस्टर पहिल्याच सेकंदाला जाऊ शकतात. सर्किट वाचलंच, तर मोटर जळेल. गाडीच्या मोटरीत लोखंडी गाभा असतो, तो उष्णता शोषून घेतो. हेलिकॉप्टरमधल्या या सात-आठ मिलिमीटरच्या मोटरीत गाभाच नाही. तांब्याची बारीक तार तिरकी गुंडाळून, चिकटवून केलेली पोकळ वाटी चुंबकाभोवती फिरते. जर्मनीतल्या फ्रिट्झ फाउलहाबर यांची ही रचना. वजनाला हलकी आणि चपळ म्हणून छोट्या हेलिकॉप्टरला वरदान, पण उष्णता साठवायला तिच्यात जागाच नाही. अडकलेल्या मोटरीत दुप्पट व्होल्टेजला चौपट उष्णता होते. वाटीचा चिकटपणा सुटला की संपलं. म्हणूनच दोन उड्डाणांमध्ये दहा मिनिटं मोटर गार होऊ द्या असं मी सगळ्यांना सांगतो.

भरारी

गाडीचा नियम इथे लागू नाही हे समजलं. धन्यवाद, भावालाही सांगतो.

तारयंत्र

कृष्णाकाठ, तुमच्या लिहिण्यात शेवटी शेवटी एक वाक्य आलंय, प्लग कोमट लागतो. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. लेकीला माझ्याकडून शाबासकी द्या.

माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. तिथे शिकलेली गोष्ट म्हणजे, जोडणी गरम लागली तर तिथे वीज वाया जातेय, दुसरं कारण शोधायची गरज नाही. मोटर गरम होणारच, ती काम करते. बॅटरीही थोडी गरम होते. प्लगचं काम फक्त वीज पलीकडे पोचवायचं. तो गरम का व्हावा?

तुम्ही बॅटरी बदलली म्हणजे प्लगचा अर्धाच भाग नवा आला. दुसरा अर्धा, सर्किटकडून येणाऱ्या तारांवरचा, दोन वर्षांपूर्वीचाच आहे.

आता अंदाज नको, मोजू. साधा दोनअडीचशे रुपयांचा डिजिटल मल्टीमीटर पुरतो, २० व्होल्ट डीसीवर ठेवा. लक्षात घ्या, नुसती बॅटरी मोजून काहीच कळत नाही. थकलेली बॅटरीसुद्धा चार्ज करून नुसती ठेवलेली असताना ४.२ दाखवते. खराब प्लगमधूनही मीटरला पूर्ण व्होल्टेज मिळतं, कारण मीटर जवळजवळ प्रवाह ओढतच नाही. दोष दिसतो तो मोटर जोरात फिरत असताना.

हेलिकॉप्टरची पायपट्टी जाड दोऱ्याने पोळपाटाला चांगली करकचून बांधा. डोळ्यांवर चष्मा हवा, पात्यांच्या पातळीत कुणाचंही तोंड नको, लेकीला दोन पावलं मागे उभी करून रिमोट तिच्या हातात द्या. मीटरच्या दोन्ही टोकांना शिवणाच्या बारीक सुया गुंडाळा आणि प्लगमध्ये तार जिथून शिरते तिथे, मागच्या बाजूने, बॅटरीच्या दोन तारांशेजारी एकेक सुई सरकवा. सुया एकमेकींना चुकूनही लागता कामा नयेत. लिपो (लिथियम पॉलिमर, म्हणजे तुमची हीच) बॅटरी शॉर्ट झाली तर सेकंदात तापते. जमणार नसेल तर मोजू नका, आपण दुसरा मार्ग काढू.

तीन आकडे हवेत. मोटर बंद असताना बॅटरीवर किती. थ्रॉटल पूर्ण वर, ३० सेकंदांनी बॅटरीच्या बाजूला किती. आणि त्याच वेळी सर्किटवर, जिथे लाल-काळी तार सोल्डर केलेली आहे तिथे किती. दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यातला फरक म्हणजे वाटेत हरवलेली वीज.

मांडवीतीर

काका म्हणतात ते आमच्याकडे गोव्यात रोजचं आहे. पणजीत समुद्राची खारी हवा आणि चार महिने पाऊस, प्लगच्या पितळी पिनांवर हिरवट थर चढतो. डोळ्यांना दिसत नाही इतका पातळ असला तरी पुरतो. माझं विमान दोन महिने पेटीत राहिलं की पहिल्या दिवशी मी प्लग पाच-सहा वेळा आत-बाहेर करते, थर खरवडला जातो. मग ते उडतं. नवी मोटर घातल्यावर दोन दिवस बरं चाललं म्हणालात, ते यामुळेच असेल का? दुरुस्ती करताना प्लग बऱ्याचदा काढला-घातला असणार.

तारयंत्र

मांडवीतीर, अगदी बरोबर पकडलंत. मला ते सुचलं नव्हतं.

ओवी

मी कॅनडात कॅल्गरीला असते, इथे हिवाळ्यात गॅरेजमध्ये उडवते. थंडीत लिपोचा अंतर्गत रोध वाढतो आणि अशीच लक्षणं दिसतात. बॅटरी खिशात ठेवून अंगाच्या उबेला आणली की फरक पडतो. सांगलीत हा प्रश्न नसणार, पण तुमच्या मोजमापात मला एक भर घालायची आहे.

व्होल्टेज मोजताय तसं उचलण्याचं बळही मोजा. घरचा डिजिटल वजनकाटा आहेच. हेलिकॉप्टर वजनाला बांधून काट्यावर ठेवायचं, आकडा शून्य करायचा, थ्रॉटल वर न्यायचं. काटा उणे आकडा दाखवेल. तेवढे ग्रॅम उचलण्याचं बळ. बरेच काटे उणे आकडा दाखवतात.

यात एक चूक मी स्वतः केली आहे. हेलिकॉप्टर काट्याच्या ताटलीलगत ठेवलं तर रोटरचा वारा ताटलीवरच आदळतो, तिला खाली दाबतो आणि आकडा जवळजवळ हलतच नाही. मला वाटलं मोटर मेली. म्हणून ते निदान फूटभर उंच बारीक काठीवर बांधा आणि काठीखाली जड पण लहान बूड घ्या, म्हणजे वारा बाजूने निघून जाईल.

कृष्णाकाठ

रविवार सत्कारणी लागला. बायकोने पोळपाट दिला, तोही मजेत.

कागदाची पट्टी नागमोडी होऊन, न फाटता बाहेर आली. पाती मूळचीच आहेत, बाजू बरोबर आहे. शेपटीला केस सापडला! लेकीनेच काढला, तिच्याच वेणीतला लांब केस, दांड्याभोवती गच्च कडं झालं होतं. काढल्यावर शेपटीचा पंखा हलका फिरायला लागला. पण उड्डाणात फरक जेमतेम.

आकडे : मोटर बंद असताना ४.१७ व्होल्ट. पूर्ण थ्रॉटल, ३० सेकंदांनी बॅटरीच्या बाजूला ३.६२. सर्किटवर ३.०८. तीनदा मोजलं, एक-दोन शतांशच फरक.

अर्ध्या विटेवर काठी उभी करून काट्यावर मोजलं तर ३३ ग्रॅम. म्हणजे हेलिकॉप्टर स्वतःचं वजनही उचलत नाही! मग ते वीतभर तरी कसं उठतं? लेकीने हाच प्रश्न विचारला आणि मला उत्तर देता आलं नाही.

रोटरवेडा

लेकीचा प्रश्न फार सुंदर आहे, मन लावून उत्तर देतो.

जमिनीच्या अगदी जवळ असताना रोटरने खाली ढकललेल्या हवेला मोकळेपणी निघून जायला जागा नसते. ती जमिनीवर आपटून बाजूला पसरते, आणि रोटरमधून खाली जाणाऱ्या हवेचा वेग कमी होतो. त्यामुळे तेवढ्याच ताकदीत जास्त उचल मिळते. हा परिणाम रोटरच्या व्यासाच्या निम्म्या उंचीपर्यंत चांगला जाणवतो आणि व्यासाएवढ्या उंचीला जवळपास संपतो. तुमच्या रोटरचा व्यास वीसएक सेंटिमीटर असणार. म्हणून वीतभर! जमिनीने दिलेला आधार तिथे संपतो आणि पुढे ३३ ग्रॅमच्या बळावर ३५ ग्रॅम उचलता येत नाहीत. मोठ्या, माणसं नेणाऱ्या हेलिकॉप्टरचे वैमानिकही हाच हिशेब करतात. डोंगरावर, उन्हात, भरलेलं यंत्र जमिनीपासून थोडं उठतं आणि वर जात नाही.

रानवारा

डोंगरावरून आठवलं. आम्ही पाचगणीला असतो. रत्नागिरीला सासरी छान उडणारं भाच्याचं हेलिकॉप्टर इथे सुस्त वाटतं. आम्ही बॅटरीला दोष देत होतो.

ओवी

रानवारा, पाचगणी सुमारे १३०० मीटर उंचीवर आहे, तिथली हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण १२ टक्के विरळ. उचलही तेवढीच घटते. बॅटरी निर्दोष असू शकेल. थोडी हलकी बॅटरी मिळाली तर लावून बघा, उड्डाण लवकर संपेल पण जोर येईल. कॅल्गरी हजार मीटरच्या वर आहे, मी तेच करते.

तारयंत्र

आता आकड्यांकडे.

४.१७ वरून ३.६२ हे बॅटरीच्या बाबतीत ठीक आहे. एवढ्या लहान सेलला पूर्ण जोरात इतकं खाली यायला परवानगी आहे. नवी बॅटरी चांगली आहे.

३.६२ वरून ३.०८, म्हणजे ०.५४ व्होल्ट, चार-पाच सेंटिमीटर तारेत आणि एका प्लगमध्ये. हे अजिबात ठीक नाही. प्रवाह किती असेल? पूर्वी २०० एमएएच ७ मिनिटांत संपायचे, म्हणजे सरासरी १.७ अँपिअर. पूर्ण थ्रॉटलला अडीच धरू. ०.५४ भागिले २.५ म्हणजे ०.२२ ओहम. अशा बारीक तारेचा रोध मीटरमागे ०.१३ ओहमच्या आसपास असतो, जाऊन-येऊन दहा सेंटिमीटरला ०.०१३. तारेचा दोष नाही. उरला प्लग. ०.५४ गुणिले २.५, जवळजवळ १.३५ वॉट, तांदळाच्या चार दाण्यांएवढ्या जागेत जळतायत. म्हणून तो कोमट.

लाल दिव्याचंही उत्तर यातच आहे. सर्किटला बॅटरी दिसत नाही, त्याला फक्त स्वतःच्या पायाशी आलेलं व्होल्टेज दिसतं. ३.०८ दिसलं की ते समजतं बॅटरी संपली, आणि लिपो वाचवायला इशारा देतं. बॅटरीत मात्र भरपूर शिल्लक आहे.

आणि उचल. मोटरचा वेग ढोबळमानाने व्होल्टेजच्या प्रमाणात, उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. सर्किटला ३.४५ मिळाले तर ३३ ग्रॅमचे सुमारे ४१ होतील. काटा आहेच, पडताळून बघा.

दुरुस्ती : सर्किटकडचा अर्धा प्लग बदला. पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला तारांसकट तयार जोड्या मिळतात. जुना प्लग सोबत न्या, कारण दिसायला सारखे असणारे प्लग अर्ध्या मिलिमीटरने वेगळे असतात. आणखी एक धोका : तयार जोडीत लाल-काळ्या तारा कधी कधी उलट असतात. रंगावर विश्वास ठेवू नका, बॅटरी जोडून मोकळ्या टोकांवर मीटरने धन-ऋण बघा, मग बॅटरी काढूनच सोल्डर करा. उलट जोडणी झाली तर सर्किट क्षणात जातं. दोन्ही जोडांवर आकसणारी नळी चढवायला विसरू नका.

कृष्णाकाठ

काका, एक शंका. प्लग एवढा का झिजला? आम्ही काळजीने वापरतो.

रोटरवेडा

मी सांगतो. बॅटरी काढताना काय धरता? तारा धरून ओढत असाल तर आतली स्प्रिंगची पकड दरवेळी थोडी सैलावते. सैल पकड कमी जागी टेकते, तिथे तापते, तापल्यावर पितळ काळं पडतं आणि रोध आणखी वाढतो. आजार स्वतःला वाढवत जातो, म्हणूनच तुमचा जोर महिन्यामहिन्याने उतरला. प्लगचं प्लास्टिक नखांनी धरून काढा. लेकीची बोटं लहान आहेत, तिला बोथट चिमटा द्या.

कृष्णाकाठ

तारांनाच ओढायचो, दोघंही. आजपासून बंद.

पुण्याहून मेहुण्याने प्लगची जोडी पाठवली. काकांनी सांगितलं नसतं तर घात झाला असता, आलेल्या जोडीत लाल तार खरंच ऋण बाजूला होती! मीटरने पाहून उलट करून सोल्डर केलं. जुन्या प्लगची एक पिन पूर्ण काळी निघाली, प्लास्टिकही तिथे किंचित वितळलं होतं.

आता पूर्ण थ्रॉटलला बॅटरीच्या बाजूला ३.५८, सर्किटवर ३.४५. काट्यावर ४१ ग्रॅम. लेकीने आकडा वाचला आणि मोठ्याने ओरडली, कारण तुमचा ४१ तिने आधीच वहीत लिहून ठेवला होता.

उड्डाण साडेसहा मिनिटं, छताला टेकलं. प्लग गार. शेवटी थोडं शेपटीकडून वळतं, छोटी मोटर केसामुळे थोडी झिजली असावी, पण रिमोटवरच्या ट्रिमने (बारीक दुरुस्तीच्या बटणाने) सावरतं.

जुनी बॅटरीही नव्या प्लगवर लावून पाहिली. पाच मिनिटं उडाली! आम्ही ती मेली समजून कपाटात टाकली होती.

तारयंत्र

फार आनंद झाला. ती जुनी बॅटरी फुगलेली नसेल तरच वापरा. बोटांनी दाबून उशीसारखी लागली तर चार्ज करू नका, टोचू नका, टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात द्या. बऱ्या असलेल्या बॅटऱ्या आठवडाभर उडवायच्या नसतील तर पूर्ण भरलेल्या ठेवू नका, ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा. चार्जिंग चालू असताना घरात कुणीतरी जागं हवं.

रानवारा

आमच्या भाच्याचं हेलिकॉप्टर दोन रोटरवालं आहे, एकावर एक, उलट दिशेने फिरणारे. उंचीचं कळलं, पण ते वर जाताना गरगर फिरतंही. त्यालाही प्लगच बघू का?

रोटरवेडा

त्यात दोन मोटरी असतात, प्रत्येक रोटरला एक. प्लग खराब असेल तर दोघींचा जोर सारखाच कमी होतो, हेलिकॉप्टर सुस्त होतं पण फिरत नाही. वर जाताना एकाच दिशेने फिरत असेल आणि ट्रिमने सावरत नसेल, तर बहुधा एक मोटर दुसरीपेक्षा थकली आहे. आधी दोन्ही गिअरमध्ये केस किंवा गालिच्याचे धागे आहेत का बघा. मग हेलिकॉप्टर बांधून, थ्रॉटल अर्ध्यावर ठेवून, दोन्ही मोटरींच्या टोकांवर व्होल्टेज मोजा. आकडे जवळपास सारखे आले आणि तरी फिरत असेल तर मोटर बदलावी लागेल. दोन्हींचे आकडे आणि कोणत्या बाजूला फिरतं ते इथे लिहा, त्यावरून कोणती बदलायची ते सांगतो.